क्रुसेडर किंग्ज ३: युद्धाचे नियम कुठे अडवतात आणि खरा बग कसा ओळखायचा

वॉरस्कोअर, म्हणजे युद्धात कोण किती पुढे याचे गुण, ९० वर अडकून बसलाय. दोस्ताची फौज किनाऱ्यावर पुतळ्यासारखी उभी आहे. जिंकत आलेलं युद्ध एका रात्रीत 'अनिर्णित' म्हणून संपलं आणि खजिना रिकामा. पॅराडॉक्स कंपनीचा हा मध्ययुगीन राजघराण्यांचा संगणकावरचा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये आला. तेव्हापासून तो खेळणाऱ्या प्रत्येकाने अशा वेळी 'बग आहे' म्हणून कपाळावर हात मारलेला असतो. खेळात बग आहेतच, पण युद्धाबद्दलच्या बहुतेक तक्रारी तपासल्या की बग निघत नाही, नियम निघतो. तो नियम खेळाने नीट समजावून सांगितलेला नसतो, एवढंच.

म्हणून हा लेख दोन टप्प्यांत आहे. आधी बग वाटणारे नियम, मग खरे बग आणि त्यांच्यावरचे उपाय. पडद्यावर दिसणारे इंग्रजी शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत, म्हणजे खेळताना शोधाशोध करावी लागणार नाही.

सगळ्याच्या मुळाशी असलेला नियम

या खेळात युद्ध दोन राज्यांमध्ये होत नाही, दोन माणसांमध्ये होतं. तह माणसांचा, दोस्ती माणसांची, दावा माणसाचा. राज्य ही त्या माणसाच्या नावावरची मालमत्ता. नकाशावर रंगीत प्रदेश दिसतात, त्यामुळे आपण राज्यांच्या भाषेत विचार करतो आणि फसतो. त्यामुळे काहीही विचित्र घडलं की पहिला प्रश्न हाच विचारा: यात कोण मेलं, किंवा कोणाचं पद बदललं? निम्म्या गोष्टींचा उलगडा तिथेच होतो.

युद्ध मध्येच 'इनव्हॅलिड', म्हणजे रद्द, का होतं

तुमच्या दरबारात एखाद्या जहागिरीचा दावेदार आहे आणि त्याच्यासाठी तुम्ही युद्ध पुकारलंत. अर्ध्या वाटेत तो तापाने गेला. ज्याच्यासाठी भांडत होता तोच राहिला नाही, म्हणून युद्ध संपतं. ना जय, ना पराजय, आणि झालेला खर्च परत मिळत नाही. तुम्ही स्वतः दावेदार असाल आणि तुमचाच मृत्यू झाला, तर वारसाकडे तो दावा आहे का, यावर सगळं ठरतं.

इथे दाव्याचे दोन प्रकार कळीचे आहेत. 'प्रेस्ड' (पक्का) दावा मुलांकडे जातो, पण 'अनप्रेस्ड' (कच्चा) होऊन. 'अनप्रेस्ड' दावा माणसाबरोबरच चितेवर जातो. म्हणजे आजोबांचा दावा नातवापर्यंत आपोआप पोचत नाही. म्हाताऱ्या राजाने लांबलचक युद्ध सुरू करण्याआधी त्याच्या वारसाचं पान उघडून त्याचे दावे बघा. दावा नसेल तर आधी छोटं युद्ध घ्या, किंवा वारस गादीवर येईपर्यंत थांबा.

दुसरं कारण पद हातातून जाण्याचं. ज्याच्याकडून जहागीर घ्यायची होती, त्याच्याकडून ती दुसऱ्याच कोणी जिंकून घेतली, किंवा तो मेला आणि वाटणीत ती धाकट्या मुलाकडे गेली, तरी युद्धाचा पाया खचतो. हा बग नाही, पण चीड येते हे खरं. यावर उपाय एकच: युद्ध पुकारण्याआधी समोरच्याचं वय, आजार आणि त्याच्यावर आधीच चालू असलेली युद्धं बघा. अंथरुणाला खिळलेल्या सत्तरीच्या राजावर चालून जाणं म्हणजे जुगार.

तिसरा प्रकार म्हणजे अचानक मोठा शत्रू. तुम्ही एका लहानशा स्वतंत्र सरदारावर चाल केली आणि त्याने शेजारच्या सम्राटाचं मांडलिकत्व पत्करलं. आता बचावाची धुरा सम्राटाकडे जाते आणि समोर अचानक दहापट फौज. म्हणून मोठ्या सत्तेला चिकटलेली, त्याच धर्माची चिमुकली राज्यं घ्यायची असतील तर जलद घ्या. युद्ध वर्षानुवर्षं रेंगाळू देऊ नका.

जिंकलं कोणी आणि मिळालं कोणाला

दरबारी माणसाचा दावा लढून जिंकला, पण तो तुमचा मांडलिक झालाच नाही, थेट स्वतंत्र राजा झाला. नवख्या खेळाडूची ही ठरलेली ठेच. जिंकलेलं पद तुमच्या पदापेक्षा खालच्या दर्जाचं हवं. शिवाय दावेदार आधीपासून तुमचा मांडलिक असावा, किंवा तुमच्या घराण्याचा असावा, किंवा ती जमीन कायद्याने, म्हणजे 'डी जुरे', तुमच्या राज्याची असावी. यांतलं काहीच नसेल तर तुम्ही फुकटात दुसऱ्याचं राज्य उभं करून दिलंत असं समजा.

हे आठवणीवर सोडू नका. युद्ध पुकारण्याच्या खिडकीत शेवटचं बटण दाबण्याआधी 'व्हिक्टरी'च्या परिणामांवर माउस ठेवा. दावेदार तुमचा मांडलिक होणार की नाही, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. 'व्हाइट पीस' (अनिर्णित तह) आणि 'डिफीट' (पराभव) यांचेही परिणाम तिथेच वाचा. तीस सेकंदांचं काम आहे.

आणखी दोन गोष्टी. पुरुषप्रधान वारशाच्या राज्यांमध्ये स्त्रीचा दावा साधारणपणे तेव्हाच लढता येतो, जेव्हा गादीवर स्त्री, अज्ञान मूल किंवा असमर्थ माणूस असतो. त्यामुळे काल यादीत दिसलेला दावा आज गायब झाला तर दचकू नका. गादीवरचं मूल सज्ञान झालं असेल. आणि तुमच्याकडे एखादी डची (अनेक काउंटींचा प्रांत) असेल, तर तिच्या 'डी जुरे' हद्दीतल्या काउंटीवर (जिल्ह्यासारख्या लहान मुलखावर) वेगळा दावा लागत नाही. पुरोहिताला 'फॅब्रिकेट क्लेम'वर, म्हणजे नवा दावा रचायला, बसवून वर्षं घालवण्याआधी हे तपासा.

वॉरस्कोअर पुढे सरकत नाही

वॉरस्कोअर उणे १०० ते अधिक १०० असा चालतो आणि चार वाटांनी वाढतो: लढाया, काबीज केलेली ठाणी, युद्धाचं लक्ष्य ताब्यात ठेवल्याबद्दल हळूहळू मिळणारे गुण, आणि पकडलेले कैदी. यातली शेवटची वाट सर्वात जवळची. शत्रूपक्षाचा मुख्य राजा कैद झाला तर स्कोअर थेट १०० वर जातो. राजधानीचा किल्ला पडला की आत राहणारी माणसं सापडण्याची शक्यता असते. म्हणूनच वीस लहान ठाणी घेत फिरण्यापेक्षा एका राजधानीचा वेढा बऱ्याचदा स्वस्त पडतो.

स्कोअर अडकला असेल तर याच क्रमाने बघा.

१. खालच्या कोपऱ्यातल्या युद्धाच्या चिन्हावर माउस ठेवा. गुणांची फोड दिसते. कुठला आकडा शून्य आहे ते पाहा.

२. लक्ष्य असलेली काउंटी पूर्ण ताब्यात आहे का? मुख्य ठाणं घेतलं की तटबंदी नसलेली गावं आणि देवस्थानं आपोआप येतात. तटबंदी असलेला प्रत्येक किल्ला मात्र वेगळा घ्यावा लागतो. एक किल्ला राहिला असेल तर काम अर्धवटच.

३. जागा खरंच तुमच्या ताब्यात आहे, की तिसऱ्याच्या? ही सगळ्यात फसवी अडचण. एकाच राजावर तुम्ही आणि दुसरा कोणी अशा दोघांनी वेगवेगळी युद्धं पुकारली असतील, तर तुम्ही दोघे एकमेकांचे शत्रू नसता. त्याने ती जागा आधी घेतली असेल तर तुम्ही तिला वेढाच घालू शकत नाही. ती तुमच्या शत्रूच्या हातात राहिलेलीच नाही. बंडखोर शेतकऱ्यांनी घेतलेल्या ठाण्याचीही हीच गत. अशा वेळी त्या काउंटीसमोर फौज उभी करून उपासमार घडवू नका. दुसरी ठाणी घ्या, मोकळ्या मैदानात लढाई शोधा किंवा राजधानी गाठा. मात्र त्या तिसऱ्याने आधी जिंकून ते पद घेतलं, तर तुमचं युद्ध इनव्हॅलिड होणार हे लक्षात ठेवा. शर्यत आहे ही.

४. दोस्तांच्या जमिनीवर वेळ घालवताय का? बचाव करणाऱ्याच्या मदतीला आलेल्या दूरच्या राजाची ठाणी घेऊन हाती फार काही लागत नाही. वजन मुख्य शत्रूच्या राजधानीला आणि युद्धाच्या लक्ष्याला आहे.

बचाव करणाऱ्यासाठी वेळ हाच मित्र. लक्ष्य तुमच्याकडेच असेल तर काही काळाने गुण आपसूक तुमच्या बाजूला झुकतात. फौज लहान असेल तर मैदानात उतरून मरण्यापेक्षा किल्ला धरून बसा. सह्याद्रीतल्या किल्लेदारांनी शतकानुशतकं हेच केलं. खेळाचं गणितही त्याच बाजूचं आहे.

वेढा पुढे जात नाही

बार हलत नाही म्हणजे बहुतेक वेळा वेढ्यातले सैनिक किल्ल्यातल्या शिबंदीपेक्षा कमी आहेत. लढाई झाली, चारशे माणसं पडली, आकडा शिबंदीच्या खाली गेला आणि वेढा गोठला. किल्ल्यावर माउस ठेवून 'गॅरिसन'चा आकडा पाहा आणि त्याहून थोडी जास्त फौज तिथे ठेवा. फार जास्त नको, कारण मग अन्नाचा प्रश्न येतो.

वेढ्याचा वेग वाढवायचा असेल तर वेढ्याची यंत्रं हवीत: आधी ओनेजर, पुढे मँगोनेल, ट्रेब्युशे आणि शेवटी बॉम्बार्ड. यांची तुकडी फक्त १० ची असते आणि मैदानी लढाईत त्यांचा उपयोग नाही. म्हणून ती मुख्य फौजेतून वेगळी काढा, शिबंदीपेक्षा जास्त होतील इतक्या लेव्हीसोबत (साध्या भरतीच्या सैनिकांसोबत) किल्ल्याखाली ठेवा आणि उरलेली फौज एका मजलेवर राखणीला उभी करा. वेढा अर्धवट सोडून दुसरीकडे धावलात तर आधीची मेहनत बहुतेक वाया गेली समजा.

आकडा मोठा आणि तरी हार

पाच हजारांनी तीन हजारांकडून मार खाल्ला की लगेच 'गणित चुकलंय' असं वाटतं. गणित बरोबर असतं, आपण बघतो तो आकडाच चुकीचा.

लेव्ही म्हणजे शेतावरून उचलून आणलेला माणूस. त्याचं डॅमेज (घाव घालण्याची ताकद) १०, टफनेस (मार सोसण्याची ताकद) १०. नाइट, म्हणजे आपल्या भाषेत निवडक मानकरी, याच्या प्राउएसच्या, म्हणजे अंगच्या लढाऊपणाच्या, प्रत्येक गुणामागे मूळ हिशेबाने १०० डॅमेज आणि १० टफनेस मिळतो. म्हणजे प्राउएस २० असलेला एक नाइट दोनशे लेव्हीइतका घाव घालतो. मार मात्र वीस लेव्हीइतकाच सोसतो, म्हणून नाइट जखमी होतात आणि मरतातही. असे दहा जण समोर असतील तर तुमची दोन हजारांची आघाडी कागदावरच राहते. दरबारात धट्टेकट्टे पाहुणे ओढून आणणं हा पैशाच्या मानाने सर्वात फायद्याचा सौदा.

यानंतर मेन-ॲट-आर्म्स, म्हणजे कसलेल्या पगारी तुकड्या. बहुतेक तुकड्या १०० च्या, जड घोडदळाची ५० ची. कोण कोणाला भारी, ते लक्षात ठेवावंच लागतं: भालेवाले घोडदळाला, तिरंदाज हलक्या पायदळाला, हलकं पायदळ जड पायदळाला, जड पायदळ भालेवाल्यांना, आणि घोडदळ तिरंदाजांना. समोरच्याच्या फौजेत तिरंदाज भरलेले असतील आणि तुम्ही हलकं पायदळ घेऊन गेलात, तर तुमचा खर्च कापूस पिंजल्यासारखा उडतो. तुकडी कुठल्या ठाण्यात तैनात केलीय हेही बघा. तिथल्या लष्करी इमारतींचा फायदा तैनात तुकडीलाच मिळतो. तिरंदाजांसाठीच्या इमारती बांधून तिथे भालेवाले ठेवणारे खेळाडू रोज सापडतात.

आणि ॲडव्हान्टेज, म्हणजे लढाईतली वरचढ बाजू. सेनापतीचं 'मार्शल' (युद्धकौशल्य), त्याचे खास गुण, भूभाग आणि नशिबाचा फासा मिळून हा आकडा बनतो. त्याचा प्रत्येक गुण मूळ हिशेबात साधारण २ टक्के जादा डॅमेज देतो. नदी ओलांडून हल्ला केला तर दंड. गलबतातून नुकतेच उतरलेल्या फौजेला त्याहून मोठा दंड, आणि तो काही दिवस टिकतो. किनाऱ्यावर उतरलात की फौजेवरचं ते चिन्ह जाईपर्यंत लढाई टाळा. सेनापती आपोआप नेमू देऊ नका. डोंगराळ मुलुखात डोंगराचा अनुभव असलेला, कमी मार्शलचा माणूस कधी कधी जास्त उपयोगी पडतो.

कर्ज असेल तर हे सगळं विसरा. तिजोरी शून्याखाली गेली की फौजेची ताकद घसरते, आणि कर्ज जितकं जुनं तितकी घसरण मोठी. भाडोत्री सैन्य पूर्ण रक्कम आधी घेतं आणि करार तीन वर्षांचा असतो. म्हणून त्यांना युद्ध पुकारल्यावर नव्हे, शत्रूची मुख्य फौज कुठे आहे ते कळल्यावर घ्या.

फौज हलत नाही, फौज वितळते

फौज हुकूम पाळत नसेल तर आधी हे तपासा. हरून पळणारी फौज ठरलेल्या जागी पोचेपर्यंत तुमचं ऐकत नाही. अर्ध्याहून जास्त वाट चालून झाली असेल तर ती चाल मागे घेता येत नाही. रॅली पॉइंटवर गोळा होणारी फौज पूर्ण जमायला दिवस लागतात. मुलूख जितका लांब तितके जास्त. म्हणून राज्य मोठं असेल तर दोन-तीन रॅली पॉइंट ठेवा, आणि एक नेहमी धोक्याच्या सीमेपासून दोन काउंटी आत. अगदी सीमेवर ठेवलात तर अर्धवट जमलेल्या फौजेवर शत्रू तुटून पडतो.

लढाई न होता फौज कमी होत असेल तर तो पुरवठा. प्रत्येक काउंटीत किती माणसं पोसली जातात त्याची मर्यादा असते, आणि त्या हिशेबात तुमच्यासोबत दोस्तांच्या फौजाही धरल्या जातात. तुम्ही सहा हजार आणि दोस्ताचे पाच हजार एकाच ओसाड काउंटीत उभे, की दोघेही उपाशी. चालताना फौज तीन-चार भागांत शेजारशेजारच्या काउंटींतून न्या आणि लढाईच्या आदल्या मजलेला एकत्र करा. हिवाळा कडक असेल तर उत्तरेत किंवा डोंगरात तीन महिने थांबणं परवडतं.

दोस्त येत नाही, किंवा येऊन उभा राहतो

दोस्ती मुख्यतः लग्नातून होते आणि ती दोन विशिष्ट राज्यकर्त्यांमध्ये असते. सासरा मेला, मेहुणा गादीवर आला, तर आधीची दोस्ती त्याच्यावर आपोआप येईलच असं नाही. ज्या मुलीच्या लग्नाने नातं जुळलं तीच गेली तरी धागा तुटतो. म्हणून मोठ्या युद्धाआधी दोस्तांची यादी काढा आणि प्रत्येक दोस्तीचं मूळ काय ते पाहा. एकाच म्हाताऱ्यावर सगळी मदार ठेवू नका. दोस्ताला बोलावताना प्रतिष्ठा खर्च होते, तीही आधी साठवून ठेवा.

तो आला पण समुद्राकाठी थांबला, तर बहुतेक वेळा कारण पैसा. गलबतात बसायला सोनं लागतं आणि फौज मोठी तितकी रक्कम मोठी. दोस्ताच्या तिजोरीत खडखडाट असेल तर तो किनाऱ्यावरच उभा राहणार. त्याचं पान उघडून शिल्लक बघा आणि भेट म्हणून रक्कम पाठवा. पुष्कळदा काही आठवड्यांत फौज हलते. जमिनीवर असून तो मागेच घुटमळत असेल, तर शत्रूची फौज त्याला स्वतःपेक्षा मोठी दिसते आहे. तुमची मुख्य फौज पुढे काढा. संगणकाला जोर दिसला की तो मागून येतो.

मांडलिकाची कोंडी

समजा तुम्ही ८६७ ची सुरुवात घेतली, कोकणातला एखादा मांडलिक सरदार निवडला आणि डोक्यावर राष्ट्रकूट आहेत. सम्राटाचं युद्ध चालू आहे आणि शत्रू तुमच्या किल्ल्याला वेढा घालून बसलाय, पण तुमची फौज त्याच्या अंगावर जातच नाही. बग नाही. युद्ध सम्राटाचं आहे आणि तुम्ही त्यात सामील झालेले नाही. तुमची जमीन त्याच्या राज्याचा भाग म्हणून वेढली जाते, पण लढायचं तर आधी सम्राटाच्या पानावरून युद्धात सामील होण्याची तयारी कळवावी लागते. (त्या वर्षी मान्यखेटच्या गादीवर खरोखर अमोघवर्ष होता आणि त्याची राजवट साठ वर्षांहून जास्त चालली. खेळात इतकी वर्षं टिकलेला राजा मिळणं हे तुमचं नशीब.)

उलट बाजूने, शेजारच्या मांडलिकावर चाल करायची आहे पण बटण राखाडी दिसतंय, तर 'क्राउन ऑथॉरिटी', म्हणजे मांडलिकांवरची राजसत्तेची पकड, पाहा. ती हाय असेल तर मांडलिकांना आपसात लढता येत नाही. ॲब्सोल्यूट असेल तर बाहेरही नाही. वाट मोकळी करायची तर सम्राटावर 'हुक', म्हणजे त्याच्यावर दबाव टाकायचं साधन, मिळवा.

बंडाच्या गटांचंही गणित उघड असतं. गटाची लष्करी ताकद राजाच्या ८० टक्क्यांपर्यंत पोचली की असंतोष वाढायला लागतो आणि तो १०० झाला की अंतिम इशारा येतो. म्हणून सर्वांत बलाढ्य एका सरदाराला लग्न, भेट किंवा हुक वापरून गटातून बाहेर काढा. दहा लहानग्यांना खूश करत बसण्यापेक्षा हे बरं.

तह कोणाला बांधतो

विजयानंतरचा तह साधारण ५ वर्षांचा असतो. तो कित्येकदा एकतर्फी असतो: ज्याने हल्ला केला त्याला बांधतो, हरलेल्याला नाही. त्यामुळे 'तह असून त्याने हल्ला केला' ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची. तह माणसांमधला असल्याने एकाच्या मृत्यूबरोबर तोही जातो. म्हणजे बापाला हरवून निश्चिंत होऊ नका, मुलगा गादीवर बसला की हिशेब नव्याने मांडला जातो. हीच गोष्ट तुमच्याही फायद्याची आहे.

आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये, खेळत असाल तर आणखी एक थर चढतो. २०२२ च्या फेट ऑफ आयबेरिया या जोडभागानंतर तिथे 'स्ट्रगल' (टप्प्याटप्प्याने चालणारा प्रादेशिक संघर्ष) चालतो आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे युद्धाची कारणं उघडतात-बंद होतात. कालपर्यंत असलेलं धर्मयुद्धाचं बटण आज नसेल, तर टप्पा बदललेला आहे.

आता खरे बग

वरचं सगळं तपासून झालं, तरी गोष्ट जुळत नाही. मग याच क्रमाने जा. क्रम बदललात तर खरं कारण कधीच कळत नाही.

१. खेळ थांबवा आणि नव्या नावाने सेव्ह करा. आधीच्या ऑटोसेव्हवर लिहू नका. आयर्नमॅनमध्ये, म्हणजे मागे जाऊ न देणाऱ्या कडक प्रकारात, एकच फाइल असते. म्हणून खेळ बंद करून डॉक्युमेंट्समधल्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हच्या फोल्डरात जा, तिथून क्रुसेडर किंग्ज ३ आणि त्यातलं सेव्ह गेम्सचं फोल्डर उघडा आणि ती फाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

२. खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. मुख्य मेनूवर जाऊन परत सेव्ह उघडणं पुरेसं नाही. जागीच थिजलेली फौज, न मिटणारी खिडकी, चुकीचे दिसणारे आकडे, हे प्रकार बऱ्याचदा इथेच सुटतात.

३. लाँचरमध्ये (खेळाआधी उघडणाऱ्या खिडकीत) एकही मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली जोड, नसलेला प्लेसेट (मॉडची यादी) बनवा आणि त्यात नवा खेळ सुरू करून तोच प्रकार घडतो का ते बघा. मॉडने चाललेलं जुनं सेव्ह मॉडशिवाय उघडू नका. त्यातल्या हरवलेल्या गोष्टींमुळे नवेच बग दिसतात आणि तपास भरकटतो. दोष मॉडचा निघाला तर अर्धे बंद, अर्धे चालू असं करत गुन्हेगार शोधा. सोळा मॉड असतील तर चार-पाच फेऱ्यांत सापडतो.

४. स्टीमवर (खेळ विकत घेऊन चालवायच्या ॲपवर) खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि इन्स्टॉल्ड फाइल्समधून फाइलींची पडताळणी करा. अपडेट अर्धवट उतरला की चिन्हं गायब होणं, मजकुराच्या जागी कोडचे शब्द दिसणं असले प्रकार होतात.

५. मोठा पॅच, म्हणजे खेळाचा अपडेट, येऊन गेलाय का? नव्या आवृत्तीत जुनं सेव्ह उघडतं, पण आतून मोडू शकतं. सप्टेंबर २०२४ चा रोड्स टू पॉवर आणि ऑक्टोबर २०२५ चा ऑल अंडर हेवन या जोडभागांनी खेळाच्या मुळालाच हात घातला. दुसऱ्याने तर नकाशा पूर्वेला पार समुद्रापर्यंत नेला. चालू मोहीम पुरी करायची असेल तर स्टीमच्या बीटाज या टॅबमधून जुनी आवृत्ती निवडा. हे काम पॅचच्या आधी करा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात नीट चालेल याचा भरवसा धरू नका.

६. खेळ कोसळत असेल तर त्याच डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात क्रॅशेस आणि लॉग्ज आहेत. लॉग्जमधली एरर नावाची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. एकाच मॉडच्या फाइलीचं नाव शेकडो ओळींत आलं असेल तर बाकी तपासाची गरज नाही. चित्रं फुटकी दिसत असतील तर शेडरकॅश हे फोल्डर पुसून टाका, खेळ ते पुन्हा बनवतो. पहिल्यांदा सुरू व्हायला जरा वेळ लागेल.

अडकलेलं युद्ध सोडवायचा शेवटचा मार्ग डीबग मोड. स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये वजाचं चिन्ह आणि त्याला जोडून डीबग, अंडरस्कोर, मोड हे शब्द इंग्रजीत लिहिले की कन्सोल, म्हणजे खेळाला थेट हुकूम टाइप करायची खिडकी, उघडता येतो. आयर्नमॅनमध्ये मात्र तो चालत नाही. आधी सेव्हची प्रत काढा, आणि हा मार्ग अडकलेली गोष्ट सोडवण्यापुरताच वापरा. एकदा सवय लागली की खेळात जीव राहत नाही.

मित्रांसोबत खेळताना 'आउट ऑफ सिंक' (सगळ्यांचे खेळ एकमेकांशी न जुळणं) येत असेल तर मुख्य मेनूवरचा आवृत्ती क्रमांक आणि त्याच्या शेजारचा चेकसम, म्हणजे फाइलींची ओळख सांगणारी चार अक्षरं, सगळ्यांनी जुळवून बघा. त्यातलं एक अक्षर जरी वेगळं असलं तरी कुणाचा तरी मॉड किंवा मॉडचा क्रम वेगळा आहे. जुळत असूनही वारंवार होत असेल तर होस्टने सेव्ह करून खेळ पुन्हा होस्ट करावा, वेग एक घर कमी ठेवावा आणि नव्याने येणाऱ्याला खेळ थांबलेला असतानाच आत घ्यावं. पुण्यातला होस्ट आणि टोरांटोतला खेळाडू असेल तर वेगाचा मोह टाळलेलाच बरा.

बग खराच असेल तर कंपनीला कळवा, पण उपयोगी पडेल असं कळवा: आवृत्ती क्रमांक, मॉड नव्हते हे, खेळातली तारीख, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, आणि दोन सेव्ह. एक बग घडण्याच्या आधीचं, एक नंतरचं. आधीचं सेव्ह सर्वात महत्त्वाचं, कारण तपासणाऱ्याला तो प्रकार पुन्हा घडवून बघायचा असतो. म्हणून मोठ्या युद्धात ऑटोसेव्हची वारंवारता वाढवून ठेवा, आणि युद्ध पुकारण्याच्या आदल्या दिवशी हाताने एक सेव्ह करा. फाइलीच्या नावात वर्ष आणि शत्रूचं नाव लिहा, नाहीतर चाळीस फाइलींत ती सापडत नाही.